पिवळी ज्योत, काळी पाती: ड्राय बाल्कनीतल्या गॅस गीझरची तपासणी

तक्रार दोन वाक्यांची होती. पाणी पूर्वीसारखं कढत येत नाही, आणि नळ उघडला की गीझरमध्ये 'भप्प' असा आवाज होतो. पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मिनिटाला सहा लिटरचा एलपीजी गीझर, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या डोक्यावर टांगलेला. आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकने सेल बदलले होते, तांब्याच्या टाकीवरची काजळी झाडली होती. तीन महिन्यांत गीझर पुन्हा काळा पडला. आम्ही दोघांनी या कामाला अख्खी सकाळ दिली. तिचा क्रम जसाच्या तसा लिहितो, कारण ज्वलनाच्या बिघाडात क्रम चुकला की काजळी साफ होते आणि काजळी धरण्याचं कारण जागेवरच राहतं.

गीझरचा पुढचा पत्रा उघडायची घाई करायची नाही. एकदा पत्रा काढला की बर्नरला चारी बाजूंनी मोकळी हवा मिळते, ज्योत निळी दिसायला लागते आणि बिघाड डोळ्यांदेखत लपतो. म्हणून आधी बाहेरूनच पाहिलं. पत्र्याच्या माथ्यावर, धूर बाहेर पडायच्या खाचांपाशी रंग तपकिरी झालेला, आणि वरच्या भिंतीवर हाताएवढा काळा पट्टा. पुढच्या गोल काचेतून पाहिलं तर ज्योत उंच, मऊ, पिवळ्या टोकाची.

पिवळी ज्योत म्हणजे काय, हे नेमकं समजून घ्यावं. बर्नरच्या पट्टीत शिरतानाच गॅस आपल्याबरोबर थोडी हवा ओढून घेतो. ती पहिली हवा. उरलेली हवा ज्योतीला आजूबाजूने मिळते. ती दुसरी हवा. पहिली पुरेशी असेल तर ज्योतीत आखूड, टोकदार, फिकट निळा शंकू दिसतो. ती कमी पडली की गॅसमधला कार्बन जळण्याआधी तापून चकाकतो आणि ज्योत पिवळी दिसते. ही पिवळी ज्योत पाणी तापवणाऱ्या टाकीच्या थंड तांब्याच्या पात्यांना टेकली की तो कार्बन तिथे काजळी होऊन बसतो. पात्यांमधल्या फटी बुजल्या की धूर वर जाईना, धूर जाईना म्हणून खालून दुसरी हवा येईना, आणि ज्योत आणखी पिवळी होते. एकदा हे चक्र सुरू झालं की ते आपोआप थांबत नाही.

पिवळ्या ज्योतीत आणि नारिंगी ठिणग्यांत मात्र गल्लत करू नये. झाडू मारल्यावर, उदबत्तीच्या धुरात, टाल्कम पावडर उडाल्यावर, किंवा कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत निळ्या ज्योतीत नारिंगी चमक येते. ती धुळीची आणि मिठाची, येते आणि जाते. काजळी धरते ती स्थिर पिवळी ज्योत.

आता चाचणी. हवा कुठे अडते आहे हे घड्याळ लावूनच कळतं. बाल्कनीची सरकती खिडकी पूर्ण उघडली, स्वयंपाकघराचं दार उघडलं, दहा मिनिटं हवा खेळू दिली आणि मग गीझर पेटवला. पहिल्याच सेकंदाला डावीकडच्या तीन पट्ट्या पिवळ्या, बाकीच्या निळ्या. पाच मिनिटांनी तेच, दहा मिनिटांनीही तेच. मग गीझर बंद केला, हवा बदलू दिली आणि घरचे लोक रोज वापरतात तसं केलं: थंडी म्हणून खिडकी बंद, दारही लोटलेलं. या वेळी चौथ्या मिनिटापर्यंत चित्र तसंच होतं. पाचव्या मिनिटाला उजवीकडच्या पट्ट्यांची टोकंही पिवळी झाली, सहाव्याला सगळा बर्नर पिवळा झाला, आणि हातातल्या कार्बन मोनॉक्साइड मीटरवर ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) दिसलं. आम्ही तिथेच गॅस तोडून खिडकी उघडली. ही बंद खिडकीची चाचणी मीटर हातात असल्याशिवाय कुणीही करू नये, आणि केली तरी दारात उभं राहून करावी.

निष्कर्ष सरळ निघाला. सुरुवातीपासून पिवळ्या असलेल्या पट्ट्या म्हणजे बर्नरमधला बिघाड. पाच मिनिटांनी पिवळा होणारा बर्नर म्हणजे जागेतला बिघाड. इथे दोन्ही होते, आणि आधीच्या दुरुस्तीत दोन्हींना हात लागला नव्हता.

जागेचा हिशोब आम्ही घरच्यांसमोर कागदावर मांडला. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. गीझरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर गॅसमधून सव्वाबारा किलोवॉटच्या वर घ्यावी लागते. एक किलो एलपीजीत साधारण ४६ मेगाज्यूल, म्हणजे पावणेतेरा युनिट उष्णता असते. हिशोब येतो तासाला सुमारे ९६० ग्रॅम गॅस. एक किलो गॅस पूर्ण जळायला साडेपंधरा किलो हवा लागते, म्हणजे जवळपास १३ घनमीटर. म्हणजे हा गीझर पंधरा मिनिटांत तीन घनमीटरहून अधिक हवेतला सगळा ऑक्सिजन खातो. बाल्कनी होती चार फूट बाय सहा फूट, उंची नऊ फूट, म्हणजे जेमतेम सहा घनमीटर. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ वर यायला, जागा पूर्ण बंद असेल तर, चार-सव्वाचार मिनिटं पुरतात. खिडकीच्या फटींमुळे इथे पाच-सहा मिनिटं मिळाली, एवढंच. ऑक्सिजन घटल्यावर गॅस तोडणारे जे सेन्सर असतात, ते साधारण १८ टक्क्यांवरच लावलेले असतात. यावरून तो आकडा किती गंभीर आहे ते कळावं.

बाथरूमही एवढंच लहान असतं. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये खाली आंघोळ करणारा माणूस आणि वर हा गीझर, दार आतून कडी लावलेलं. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत ज्या मृत्यूंच्या बातम्या येतात त्या याच मांडणीच्या असतात. गॅस गीझर बाथरूममध्ये बसवायचा नाही. या बाबतीत आम्ही कुणाचंच ऐकत नाही.

घरातल्या काकूंनी विचारलं, "दादा, गॅसचा वास तर अजिबात येत नाही, मग काळजी कसली?" हा प्रश्न बहुतेक घरांत येतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो. एलपीजीला जो वास असतो तो गळती कळावी म्हणून मिसळलेल्या मरकॅप्टनचा. ज्योतीत तो जळून जातो. अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. हवेत तो २०० पीपीएम असला तर दोन-तीन तासांत डोकं दुखतं. ८०० ला पाऊण तासात चक्कर आणि मळमळ सुरू होते. १,६०० ला वीस मिनिटांत तीच अवस्था आणि तासाभरात मृत्यू. १२,८०० ला एक ते तीन मिनिटं. आंघोळ करून आल्यावर डोकं जड होतं, गरगरतं, आणि ते फक्त गीझर चालू असतानाच होतं, असं घरात कुणी म्हणत असेल तर पित्ताची गोळी देण्याआधी गीझर बंद करा. काकूंना हेच सांगितलं तेव्हा त्या काही वेळ गप्प राहिल्या. मुलीला महिनाभर असं होत होतं.

यानंतर गॅसचा दाब. इथे अंदाजाला जागा नाही, मोजावाच लागतो, आणि मोजण्याचं साधन घरी बनतं. सहा मिलिमीटर आतल्या व्यासाची पारदर्शक नळी, सव्वा-दीड मीटर, पाटीवर इंग्रजी 'यू'सारखी वाकवून बसवायची, शेजारी मोजपट्टी, अर्ध्यापर्यंत पाणी आणि दिसायला सोपं जावं म्हणून चिमूटभर कुंकू. गीझरच्या गॅस-तोंडाजवळ टी जोडून एक फाटा या नळीला द्यायचा. घरगुती एलपीजीचा दाब चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम असतो, म्हणजे पाण्याच्या उंचीत बरोबर ३० सेंटिमीटर. दोन बाजूंच्या पातळ्यांतलं अंतर मोजायचं. एका बाजूला पाणी १५ ने खाली गेलं आणि दुसऱ्या बाजूला १५ ने वर आलं की ते ३० झालं. नवखी माणसं एकच बाजू मोजतात, दाब निम्मा समजतात आणि चांगला रेग्युलेटर बदलतात.

दाब तीनदा मोजायचा. सगळं बंद असताना, फक्त गीझर चालू असताना, आणि गीझरबरोबर शेगडीचे दोन्ही बर्नर पेटलेले असताना. इथे आकडे आले ३३, २६ आणि १९. बंद असतानाचा आकडा चांगला दिसतो म्हणून पुष्कळजण तिथेच थांबतात. पण बिघाड वाहत्या गॅसमध्ये असतो, उभ्या गॅसमध्ये दिसत नाही. चालू असताना २५ ते ३५ च्या दरम्यान असेल तर आम्ही हात लावत नाही. २६ म्हणजे काठावर. १९ म्हणजे गॅसचा प्रवाह पाचव्या हिश्शाने कमी, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने बदलतो. सकाळी एकीकडे पोळ्या आणि दुसरीकडे आंघोळ चालू असताना पाणी कोमट येत होतं, त्याचं अर्धं उत्तर इथे मिळालं.

दाब का पडतो, ते शोधत सिलिंडरपर्यंत मागे गेलो. एकाच रेग्युलेटरवर शेगडी आणि गीझर, मध्ये दोन सांधे आणि ओट्याखालून फिरवलेली सुमारे पाच मीटर रबरी नळी, एका वळणावर दबून चपटी झालेली. रबरी नळी दीड मीटरच्या आत ठेवावी, आयएसआय खुणेची घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. आतून तिचे पापुद्रे सुटतात आणि गीझरच्या गॅस-तोंडाच्या जाळीत जाऊन अडकतात. ही जाळी काढली तेव्हा त्यात नारळाच्या किसासारखा काळा चुरा होता. लांबच्या अंतरासाठी तांब्याची पाइप, आणि गीझरसाठी वेगळा सिलिंडर व वेगळा रेग्युलेटर, ही व्यवस्था या घरात जमण्यासारखी होती, कारण दुसरा सिलिंडर होताच.

थंडीत आणखी एक गोष्ट घडते. सिलिंडरमधला द्रव गॅस होताना उष्णता ओढतो. आपल्या घरगुती एलपीजीत ब्युटेन बरंच असतं आणि ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, सिलिंडर संपत आलेला असताना, तासाला किलोभर गॅस खेचला की सिलिंडर बाहेरून घाम धरतो आणि दाब उतरत जातो. पहिल्या आंघोळीला गीझर उत्तम आणि तिसऱ्याला मिणमिणता असेल, तर आधी सिलिंडरला हात लावून पाहा. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं किंवा आडवा करणं हे उपाय मात्र जीवघेणे आहेत. भट्टीला लागतो तो कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर गीझरला लावून दाब 'वाढवून' देणारेही भेटतात. त्याने ज्योत बर्नर सोडून वर उचलली जाते, फरफर आवाज येतो, आणि आतला झडपेचा पडदा फाटला तर गॅस घरात येतो.

एवढं झाल्यावर सिलिंडरचा नॉब बंद केला, पाण्याची तोटी बंद केली, सेल काढले आणि पत्रा उतरवला. तो साधारणपणे खालच्या दोन-तीन स्क्रूंवर आणि वरच्या दोन आकड्यांवर बसलेला असतो. पुढचे नॉब आधी ओढून काढावे लागतात.

बर्नर म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या पातळ पोकळ पट्ट्या. प्रत्येक पट्टीला खाली भोंग्यासारखं तोंड, आणि त्या तोंडासमोर काही मिलिमीटर अंतरावर आडव्या नळीत बसवलेला पितळी जेट. जेटमधून गॅस सुटतो, त्या झोताबरोबर हवा भोंग्यात ओढली जाते. शेगडीला हवा कमी-जास्त करायची फिरती चकती असते, तशी या गीझरला नसते. हवेचं प्रमाण या भोंग्याच्या आकाराने आणि स्वच्छतेने ठरतं, आणि म्हणूनच तिथे कोळ्याचं एक जाळं झालं तरी ज्योत बिघडते.

इथे जाळं नव्हतं, नमदा होता. राखाडी, दाबून बसवल्यासारखा. कपड्यांचे तंतू. खाली वॉशिंग मशीन, समोर वाळत घातलेले टॉवेल, आणि गीझर दररोज तासभर खालून वर हवा ओढणारा. डावीकडच्या तीन भोंग्यांची तोंडं तीन चतुर्थांश बुजलेली, कारण कपड्यांची दांडी त्याच बाजूला होती. काचेतून पिवळ्या दिसलेल्या पट्ट्या त्याच. निदान असं डोळ्यांसमोर जुळतं तेव्हा पुढचं काम निश्चिंतपणे करता येतं.

बर्नर चार स्क्रू काढून बाहेर घेतला. आधी कोरडा ब्रश, मग भोंग्याच्या बाजूने नव्हे तर ज्योतीच्या बाजूने हवेचा झोत, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडतो. उलट्या बाजूने फुंकलं की तोच नमदा आत छिद्रांखाली जाऊन बसतो. तारेचा ब्रश वापरायचा नाही, छिद्रांच्या कडा झिजतात. पट्ट्या तेलकट असतील तर कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड घालून धुवाव्यात आणि पूर्ण वाळवाव्यात, एक थेंबही आत राहता कामा नये. पट्टीला चीर किंवा गंजाचं भोक आहे का ते उजेडात धरून पाहावं. चीर असेल तर ज्योत मागे पेट घेते, म्हणजे भोंग्यातच जेटपाशी जळते आणि शिटीसारखा आवाज येतो. तशा बर्नरला दुरुस्ती नाही, तो बदलायचा.

जेटच्या बाबतीत कळकळीने सांगतो, सुई घालू नका. जेट पितळी आहे, सुई पोलादाची. ०.५ मिलिमीटरचं छिद्र ०.६ झालं, नुसत्या डोळ्यांना तो फरक दिसतही नाही, पण क्षेत्रफळ आणि गॅस ४४ टक्क्यांनी वाढतो. हवा तेवढीच राहते. मग ज्योत पिवळी होते, आणि या वेळी कितीही साफसफाई केली तरी निळी होत नाही. जेट खोलून थिनरमध्ये किंवा पेट्रोलमध्ये बुडवावा, हवेने फुंकावा, उजेडात धरून छिद्र गोल आहे ना ते पाहावं. छिद्र लांबट झालं असेल तर अख्खा संच बदलावा. एक-दोन जेट बदलून भागवलं की पट्ट्या असमान जळतात.

जेटचाच दुसरा घोटाळा पाइपगॅसचा. मुंबईत महानगर गॅसची आणि पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅसची वाहिनी इमारतीत आली की घरचे लोक सिलिंडरचा गीझर तसाच पाइपला जोडायला सांगतात. पाइपगॅस २१ मिलिबारवर (पाण्याच्या उंचीत साधारण २१ सेंटिमीटर) येतो आणि त्यात उष्णता घनमीटरला एलपीजीपेक्षा बरीच कमी. तेवढीच उष्णता हवी तर जेटच्या छिद्राचा व्यास सुमारे १.४ पट लागतो. एलपीजीचा जेट पाइपगॅसवर चालवला तर ज्योत खुजी राहते, पाणी तापत नाही, एवढ्यावर भागतं. पण पाइपगॅसचा गीझर सिलिंडरला जोडला तर दुपटीच्या आसपास गॅस जळतो आणि काजळी काही दिवसांत टाकी भरते. घर बदलताना गीझर सोबत नेणाऱ्यांनी आधी गीझरवरचा गॅसचा प्रकार वाचावा. जेटला ड्रिल मारून 'कन्व्हर्ट' करणं हा प्रकार बंद व्हायला हवा. कंपनीचा त्या मॉडेलचा संच मिळत असेल तर लावावा, नाहीतर गीझर बदलावा.

मग तांब्याची टाकी. वर पात्यांचा जाड थर, खाली पेटीभोवती गुंडाळलेली कॉइल. पात्यांमधून उजेड आरपार दिसला पाहिजे. इथे मधला भाग पूर्ण बंद. टाकी उतरवून अंगणात नेली, उलटी धरून मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने झाडली, मग पाण्याच्या झोताने धुतली. काजळी जागेवर असतानाच झाडली तर ती सरळ खालच्या बर्नरवर पडते, आणि आधीच्या वेळी तेच झालेलं दिसत होतं. काजळीशिवाय कडांना हिरवट-पांढरी भुकटी होती. टाकीत थंड पाणी शिरताना धुरातली वाफ पात्यांवर दवासारखी जमते, गॅसमधल्या गंधकाने ते दव आम्लधर्मी होतं आणि तांबं खातं. त्याची ही भुकटी. ती बर्नरच्या छिद्रांत पडते आणि ज्योतीचे दात पडल्यासारखे दिसतात. गीझर अगदी मंद ठेवून भरपूर पाणी सोडण्याची सवय असलेल्या घरांत ती जास्त आढळते.

टाकीच्या आत बोअरच्या पाण्याचा क्षार असेल तर गीझर चालताना किटलीसारखा घुमतो. लिटरभर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून छोट्या पंपाने अर्धा-पाऊण तास फिरवलं की तो सुटतो. संडास धुण्याचं ॲसिड वापरू नये, त्याने सांधे आणि तांबं दोन्ही जातात.

'भप्प' आवाजाचं मूळ आता समजायला सोपं होतं. ठिणगीची पिन डावीकडच्या दुसऱ्या पट्टीवर होती, म्हणजे नेमक्या बुजलेल्या पट्टीवर. ठिणगी पडत होती, पण तिथे गॅस-हवेचं मिश्रण पेटण्याजोगं नव्हतं. दोन-तीन सेकंदांत बाकीच्या पट्ट्यांतला गॅस पेटीत साठायचा आणि मग एकदम पेट घ्यायचा. अशा दणक्याने पुढची काच तडकते, कधी पत्रा उडतो, भुवया जळतात. पट्टी मोकळी झाल्यावर पिनेचं टोक पट्टीपासून ३ ते ४ मिलिमीटरवर आणलं आणि चिनी मातीच्या नळीला बारीक तडा नाही ना ते पाहिलं, कारण तडा असला की ठिणगी टोकावर न पडता बाजूच्या पत्र्यात पळते.

शेजारची दुसरी पिन ज्योत ओळखणारी. ज्योतीतून अगदी क्षीण, मायक्रोअँपिअरमधला प्रवाह वाहतो आणि त्यावरून सर्किटला ज्योत लागल्याचं कळतं. पिनेवर काजळी किंवा भुकटीचा थर बसला की तो प्रवाह तुटतो, आणि गीझर पेटून सहा-सात सेकंदांत विझतो. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने पिन घासायची, पिनेचं टोक ज्योतीत आहे ना ते पाहायचं, सर्किटची अर्थची तार बॉडीला घट्ट आहे ना ते पाहायचं. कित्येक सर्किटं या एका पिनेपायी विनाकारण बदलली जातात.

सेलबद्दल थोडक्यात: मोठे दोन, अल्कलाइन. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, दोन मिळून २.४ होतात, त्यावर ठिणगी पडते पण गॅसची झडप उघडी राहत नाही. व्होल्टेज ठिणगी चालू असताना मोजावं. पाणी उघडल्यावर ठिणगीच येत नसेल तर तो ज्वलनाचा बिघाड नाही, पाण्याच्या दाबाचा आहे: आत येणाऱ्या पाण्याची जाळी, रबरी डायफ्राम, त्याची पिन आणि मायक्रोस्विच, या क्रमाने बघावं. गच्चीवरची टाकी गीझरच्या वर अडीच मीटर तरी नसेल तर वरच्या मजल्यावर हा त्रास कायम राहतो.

जोडणी करताना जेथे जेथे गॅसचा सांधा उघडला तिथे नवं वॉशर किंवा ओ-रिंग. मग साबणाच्या फेसाने प्रत्येक सांधा, आधी गीझर बंद असताना आणि नंतर चालू असताना. काडी पेटवून गळती बघण्याची पद्धत अजूनही दिसते, ती बघून अंगावर काटा येतो. रबरी नळी काढून टाकली होती, गीझरला वेगळा सिलिंडर, नवा रेग्युलेटर आणि तांब्याची पाइप घातली होती. मोजलं: बंद असताना ३३, गीझर चालू असताना ३०.

पत्रा बसवून खिडकी उघडी ठेवून पेटवलं. पहिल्या ठिणगीला पेट, आवाज नाही, सगळ्या पट्ट्या निळ्या, शंकू टोकदार. इथे काम संपलं असं वाटतं. पण जागेतला बिघाड अजून तसाच होता. खिडकी बंद करून पेटवलं असतं तर सहाव्या मिनिटाला हीच निळी ज्योत पुन्हा पिवळी पडली असती, आणि तीन महिन्यांनी पाती पुन्हा काळी.

बाल्कनी मुळात उघडी होती. पावसाचं पाणी येतं म्हणून नंतर सरकत्या काचा बसवल्या, मग डासांची बारीक जाळी. जाळीवर तंतूंचा थर बसलेला होता, म्हणजे खिडकी उघडी असतानाही हवा अर्धीच यायची. 'खिडकी उघडी ठेवत जा' एवढं सांगून आम्ही निघत नाही. जानेवारीच्या पहाटे कुणीतरी ती लावणारच. म्हणून बंदच करता येणार नाही अशी वाट लागते. एका बाजूची काच कायमची काढायला लावली आणि तिथे तिरक्या पट्ट्यांचं झरोक्याचं तावदान बसवलं, खालून वरपर्यंत. ताजी हवा खालून येते, गरम धूर वरून जातो, म्हणून मोकळीक खाली आणि वर दोन्हीकडे हवी, नुसती वर असून चालत नाही. डासांची जाळी त्या तावदानावरून काढली आणि स्वयंपाकघराच्या दाराला लावली. कपड्यांची दांडी दुसऱ्या टोकाला गेली. एक्झॉस्ट फॅनचा विचार घरच्यांनी बोलून दाखवला. त्याला आम्ही ठाम नकार दिला. पंखाही कुणीतरी चालू करावा लागतो, आणि जानेवारीच्या पहाटे तोही कुणीतरी बंदच ठेवणार.

तावदान बसल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. सरकती खिडकी बंद, दार लोटलेलं, मीटर गीझरपासून दोन हातांवर माणसाच्या नाकाच्या उंचीला. वीस मिनिटं सलग. ज्योत शेवटपर्यंत निळी, मीटर शून्यावर. बाल्कनीच्या आतल्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या बाजूला, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. चांगला अलार्म ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजतो, ५० ला तास-दीड तासाने, त्यामुळे मीटरचं काम तो करत नाही, पण झोपेत किंवा घाईत असलेल्या माणसाला उठवतो. काचेच्या बाजूला तारीख लिहून ठेवली: दर सहा महिन्यांनी पत्रा न काढता भोंग्यांवर बॅटरीचा उजेड टाकून तंतू पाहायचे, आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, बर्नर बाहेर काढायचा. भिंतीवरचा काळा पट्टा काकूंनी पुसला नव्हता, तो आम्हीच ओल्या फडक्याने पुसून काढला, म्हणजे पुन्हा रेघ उमटली तर पहिल्याच दिवशी दिसेल.